किनवट परिसराचे स्थलनिर्देशक नकाशांकन

किनवट परिसराचे स्थलनिर्देशक नकाशांकन म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागातील किनवट व माहूर तालुक्यांच्या डोंगराळ, वनाच्छादित भूभागाचे मोजमाप करून तेथील उंचसखलपणा, नद्या-नाले, वस्त्या, रस्ते व वने प्रमाणबद्ध नकाशावर दाखविण्याचे कार्य होय. भारतीय उपखंडाच्या मापनाचा कणा मानली जाणारी 'ग्रेट आर्क' ही त्रिकोणमाला एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात नांदेड व किनवट यांच्या दरम्यानच्या प्रदेशातून उत्तरेकडे गेली. त्यामुळे हा भाग दुर्गम असूनही त्याच्या मापनाला भक्कम भूमितीय चौकट लवकर लाभली. त्या चौकटीत भरावयाचा तपशील, म्हणजे गावांच्या हद्दी, वनांच्या सीमा, पाडे-तांडे व त्यांची नावे, मात्र पुढे वेगवेगळ्या खात्यांनी, वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हेतूंनी नोंदविला. या नोंदींचा परस्परांशी मेळ घालणे हा वनहक्क, सीमानिश्चिती व जलसिंचन प्रकल्प यांच्या संदर्भात आजही महत्त्वाचा विषय आहे.

प्रदेशाचे स्वरूप

किनवट हे गाव सुमारे १९°३७' उत्तर अक्षांश व ७८°१२' पूर्व रेखांशावर, पैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा या भागात नांदेड व यवतमाळ जिल्ह्यांची सीमा बनते आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धा नदीला मिळते. नदीच्या दक्षिणेस माहूर, किनवट व इस्लापूरचा डोंगराळ पट्टा असून त्यापलीकडे तेलंगणातील आदिलाबाद व निर्मल या जिल्ह्यांचा प्रदेश लागतो. सागाचे पानझडी जंगल, माहूरगडाचे डोंगर, इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा आणि उनकेश्वर येथील गरम पाण्याचे झरे ही या भागाची ठळक भूचिन्हे आहेत.

या प्रदेशात दख्खनच्या पठारावरील बेसाल्टचे थर संपत जातात आणि त्याखालचे प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म उघडे पडू लागतात. पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यात 'पैनगंगा गट' या नावाने ओळखले जाणारे चुनखडकाचे थर आढळतात. आणखी पूर्वेस वर्धा-प्राणहितेच्या खोऱ्यात कोळसा धारण करणारे गोंडवन काळातील वालुकाश्म लागतात. थोड्या अंतरात खडकाचा प्रकार बदलत असल्याने येथील जमिनीचे रूपही वारंवार बदलते आणि ते नकाशावरील रेषांत स्पष्ट उमटते.

ग्रेट आर्क

विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैल लांबीच्या आधाररेषेचे मापन सुरू केले. तेथून त्यांनी सुमारे ७८° पूर्व रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर अशी त्रिकोणमाला उभारली. कोनमापनासाठी त्यांच्याकडे सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढविताना तो निसटून आपटला व त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्ब्टन यांनी तो स्वतः दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला.

दक्षिणेकडून आलेली ही माला १८१५ मध्ये बीदरच्या परिसरात पोहोचली. तेथे दामरगिद्दा या स्थानकाजवळ नवी आधाररेषा मोजण्यात आली. पुढची आधाररेषा १८२२ मध्ये वऱ्हाडात टाकळखेडा येथे मोजली गेली. दामरगिद्दा सुमारे १८°०३' अक्षांशावर, तर टाकळखेडा सुमारे २१°०६' अक्षांशावर आहे. किनवटचा अक्षांश या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर येतो. मालेचा मध्यअक्ष सुमारे ७७°४०' रेखांशावर असल्याने किनवट त्याच्या पूर्वेस सुमारे अर्ध्या अंशावर, म्हणजे ५० ते ५५ किलोमीटरांवर आहे. माहूर त्याहून जवळ आहे. गोदावरी ओलांडून पैनगंगेकडे आणि तेथून वऱ्हाडात जाणारा हा टप्पा निजामाच्या राज्यातील विरळ वस्तीच्या प्रदेशातून गेला.

१ जानेवारी १८१८ पासून या कार्याला 'ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया' असे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट हे लॅम्ब्टन यांचे सहायक, तर हेन्री व्हॉयसी हे शल्यवैद्य व भूशास्त्रज्ञ म्हणून या पथकात आले. व्हॉयसी यांनी निजामाच्या राज्यातील खडकांचा अभ्यास केला. भारतातील आरंभीच्या भूशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. लॅम्ब्टन यांचे निधन हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे झाले. त्यांची कबर तेथेच आहे.

लॅम्ब्टन यांच्यानंतर एव्हरेस्ट यांनी माला मध्य भारतातील सिरोंजपर्यंत नेली. पुढे १८३० पासून ते सर्वेक्षण खात्याचे महासर्वेक्षकही झाले. अधिक अचूक उपकरणे उपलब्ध झाल्यावर बीदर ते सिरोंज या टप्प्याचे पुनर्मापन करण्यात आले आणि १८४१ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी बीदरची आधाररेषा पुन्हा मोजली. या काळात गणिताच्या बाजूने राधानाथ शिकदार यांचे, तर उपकरणांच्या निर्मिती व दुरुस्तीत सय्यद मीर मोहसिन हुसेन यांचे योगदान महत्त्वाचे ठरले.

ताप आणि धुरळा

या प्रदेशातील मापनापुढील मोठी अडचण दृश्यमानतेची होती. उन्हाळ्यात हवेत धूळ व वणव्यांचा धूर असल्याने दूरच्या टेकडीवरील निशाण दिसत नसे. पावसाच्या सरी पडून गेल्यावर हवा स्वच्छ होई. परंतु त्याच काळात जंगलात हिवतापाचा जोर असे. कृष्णा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या जंगलांत काम करताना १८१९ मध्ये एव्हरेस्ट व त्यांचे पथक तापाने खिळून गेले आणि प्रकृती सुधारण्यासाठी एव्हरेस्ट यांना केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. सर्वेक्षणाच्या इतिहासात सर्वेक्षकांची नावे नोंदली गेली. सामान वाहणारे हमाल, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे मजूर आणि उपकरणे सांभाळणारे खलाशी यांची नावे मात्र क्वचितच आढळतात. तापाचा फटका त्यांनाही तितकाच बसला.

यावर उपाय म्हणून एव्हरेस्ट यांनी पुढील काळात दिवसा सूर्यप्रकाश परावर्तित करणारी हेलिओट्रोप ही उपकरणे आणि रात्री दिव्यांचे संकेत यांचा वापर वाढविला. रात्रीच्या थंड हवेत प्रकाशकिरण अधिक वाकतो आणि मधल्या उंचवट्यापलीकडचा दिवाही दिसू शकतो, याचा त्यांना उपयोग झाला. त्यामुळे कोरड्या, निरोगी ऋतूतही काम करणे शक्य झाले.

त्रिकोणमापनाची पद्धत

त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन माहीत असल्यास उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, या तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे. आरंभी एक सपाट जागा निवडून आधाररेषा प्रत्यक्ष मोजली जाते. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या, सहसा उंच टेकडीवरील, स्थानकाचे कोन घेतले जातात. अशा रीतीने मिळालेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते. डोंगराळ मुलखात साखळी टाकत जाणे अशक्य असल्याने ही पद्धत तेथे विशेष सोयीची ठरते. शेवटी दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजून तिची लांबी गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली जाते. बीदर व टाकळखेडा येथील आधाररेषांचे हेच प्रयोजन होते.

स्थानकाच्या जागी खडकावर वर्तुळ व मध्यबिंदू कोरला जातो आणि गरज असल्यास चबुतरा बांधला जातो. नकाशावर अशी स्थानके त्रिकोणाच्या चिन्हाने दाखवून त्याशेजारी उंचीचा आकडा लिहितात. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी पातळीमापनाचे स्वतंत्र जाळे असून भारतातील उंचीचा जुना आधार नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या निरीक्षणांवरून १९०९ मध्ये ठरविण्यात आला. या जाळ्यातील खुणांना तलचिन्ह किंवा बेंचमार्क म्हणतात.

ग्रेट आर्कच्या मापनांवरून एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाची, म्हणजे विवृत्ताभाची, परिमाणे निश्चित केली. भारतातील नकाशे दीर्घकाळ याच 'एव्हरेस्ट विवृत्ताभा'वर आधारलेले होते. याच मालेत कलियाना व कल्याणपूर या स्थानकांमधील अंतर ताऱ्यांच्या निरीक्षणाने आणि त्रिकोणमापनाने वेगवेगळे आले. हा फरक कोनीय मापात ५.२३६ सेकंदांचा होता. जॉन प्रॅट व जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये त्याची कारणमीमांसा केली. हिमालयाच्या आकर्षणाने ओळंबा कलतो, पण अपेक्षेपेक्षा कमी कलतो, या निरीक्षणातून भूकवचाच्या समस्थायित्वाची संकल्पना पुढे आली. कल्याणपूर ते दामरगिद्दा हा मालेचा दक्षिणेकडील टप्पाही प्रॅट यांनी विचारात घेतला होता आणि किनवटचा अक्षांश याच टप्प्यात येतो.

तपशीलवार सर्वेक्षण आणि निजामी राजवट

त्रिकोणमालेने केवळ बिंदू निश्चित होतात. बिंदूंच्या मधली जमीन भरून काढण्याचे काम फलकयंत्राच्या साहाय्याने होत असे. तिवईवर ठेवलेल्या लाकडी फलकाला कागद लावून, समोर दिसणाऱ्या खुणांच्या दिशा जागेवरच आखल्या जात. दोन ठिकाणांहून आखलेल्या रेषा जेथे छेदतात तेथे ती खूण असते. हैदराबाद राज्याचे अशा प्रकारचे सर्वेक्षण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले आणि त्यावरून एका इंचास चार मैल या प्रमाणावरील 'अॅटलस ऑफ इंडिया'ची पत्रके तयार झाली. १९०५ च्या सर्वेक्षण समितीच्या शिफारशींनंतर एका इंचास एक मैल या प्रमाणावर, समोच्च रेषा असलेले रंगीत नकाशे तयार करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

किनवटचा भाग त्या वेळी निजामाच्या राज्यातील सिरपूर-तांडूर या मुलखात होता. १९०५ मध्ये त्याचा आदिलाबाद जिल्हा झाला. पहिले सालारजंग यांच्या दिवाणगिरीत (१८५३–१८८३) महसुली सुधारणा होऊन जमिनीची मोजणी व आकारणी यांना पद्धतशीर रूप आले. ही मोजणी स्थलनिर्देशक सर्वेक्षणापासून स्वतंत्र होती. तिचा हेतू शेताचे क्षेत्र व त्यावरील सारा ठरविणे हा होता, डोंगराची उंची दाखविणे हा नव्हता. वनखात्याने राखीव वनांच्या सीमा आखल्या त्या आणखी वेगळ्या नोंदींवरून. फिरती शेती व पडीक जमिनीचा वापर करणाऱ्या गोंड, कोलाम आदी समाजांची पिढ्यान्पिढ्या वहिवाटीतील जमीन या सीमांच्या आत गेली. आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे १९४० मध्ये झालेल्या कुमराम भीम यांच्या उठावामागे हेच कारण प्रमुख होते. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या जिल्ह्यातील राजगोंडांचा अभ्यास केला आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे काम निजाम सरकारने हाती घेतले.

१९५६ ची सीमा

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ नुसार हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ हे मराठीभाषक भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातून देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे वगळण्यात आली. किनवट व इस्लापूर नांदेड जिल्ह्यात राहिले. राजुरा पुढे चंद्रपूर जिल्ह्यास जोडण्यात आला. कालांतराने किनवटमधून माहूर हा स्वतंत्र तालुका निर्माण झाला.

ही सीमा नदी किंवा डोंगरमाथा यांवरून नव्हे, तर तालुके व महसुली मंडळे यांवरून ठरली. म्हणजेच राज्याची हद्द ही शेवटी सीमेवरील गावांच्या शिवाराची हद्द आहे. स्थलनिर्देशक नकाशावर ती वेडीवाकडी, टेकड्या व नाले ओलांडत जाताना दिसते ती यामुळेच. जेथे गावाच्या शिवाराबद्दल दोन राज्यांच्या नोंदी भिन्न असतात, तेथे राज्यसीमाही वादग्रस्त होते. पूर्वेकडील जिवती तालुक्यातील १४ गावांबाबत महाराष्ट्र व आंध्र प्रदेश, आणि २०१४ नंतर तेलंगणा, यांच्यात असाच वाद आहे.

पत्रकांची रचना

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ४ अंश × ४ अंशांच्या चौकटीला एक क्रमांक दिलेला असतो. १६° ते २०° उत्तर व ७६° ते ८०° पूर्व या चौकटीचा क्रमांक ५६ आहे. तिचे प्रत्येकी एक अंशाचे १६ भाग करून त्यांना इंग्रजी ए ते पी ही अक्षरे दिली जातात. अक्षरांचा क्रम वायव्य कोपऱ्यापासून वरून खाली असा स्तंभांनी जातो. प्रत्येक भागाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ तुकडे होतात. १:५०,००० प्रमाणाचे पत्रक हे असा एक तुकडा असते. या हिशेबाने किनवट गाव ५६ आय/२ या, तर माहूर ५६ ई/१३ या पत्रकात येते. आदिलाबाद शहर ५६ आय/१० मध्ये आहे. किनवटच्या अक्षांशावर असे एक पत्रक दक्षिणोत्तर सुमारे २७.७ किलोमीटर व पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर, म्हणजे साधारण ७२५ चौरस किलोमीटर प्रदेश दाखविते.

७८° पूर्व हे रेखावृत्त माहूर व किनवट यांच्या मधून जाते. परिणामी एकमेकांस लागून असलेली ही दोन ठिकाणे वेगवेगळ्या अंश-पत्रकांत मोडतात. नव्या पद्धतीत हा भेद अधिक जाणवतो. जागतिक यूटीएम जाळ्यात याच रेखावृत्तावर ४३ वा पट्टा संपून ४४ वा सुरू होतो. रेखावृत्ताच्या लगेच पश्चिमेकडील बिंदूचा पूर्वनिर्देशांक सुमारे ८ लाख १५ हजार मीटर येतो, तर लगेच पूर्वेकडील बिंदूचा सुमारे १ लाख ८५ हजार मीटर. पट्ट्याचा क्रमांक न लिहिता केवळ निर्देशांक नोंदविल्यास त्या जागेचा शोध शेकडो किलोमीटर चुकतो. माहूर व किनवट या दोन्ही तालुक्यांतील मोजणी एकत्र करताना ही दक्षता आवश्यक असते.

समोच्च रेषा व खडकांचे रूप

समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर दोन रेषांतील उंचीचा फरक सामान्यतः २० मीटर असतो व रेषा तपकिरी रंगात छापतात. या प्रमाणात नकाशावरील २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. एका सेंटिमीटरमध्ये लागोपाठ पाच अंतरे बसत असतील तर ५०० मीटर चालताना १०० मीटर चढावे लागते. हा उतार १:५ आहे.

बेसाल्टच्या प्रदेशात रेषांचे दाट पट्टे व मोकळे पट्टे आलटून पालटून येतात. कठीण थर उभे कडे बनवितो, मऊ थर झिजून सपाट पायरी बनते. 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला आहे. ग्रॅनाइट व पट्टिताश्माच्या भागात टेकड्या गोलसर असून रेषा एकमेकींभोवती बंदिस्त वर्तुळांसारख्या दिसतात. सहस्रकुंडसारख्या धबधब्याच्या ठिकाणी समोच्च रेषा नदीला अगदी जवळजवळ छेदतात.

याच तत्त्वाने जगातील अन्य पायऱ्यापायऱ्यांचे प्रदेशही वाचता येतात. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ मध्ये नदीमार्गाने पाहणी केली व त्यानंतर त्या उंच वाळवंटी, वालुकाश्माच्या मुलखाचे नकाशांकन झाले. तेथे खडक उघडा असल्याने जमिनीचे रूप दुरूनही स्पष्ट दिसते. अडचण पाण्याची व वाटांची असते. किनवटमध्ये उलट स्थिती आहे. पाणी व वाटा मिळतात, पण जमीन झाडीखाली झाकलेली असते. हवाई छायाचित्रावरून उंची काढताना झाडांचा शेंडा हीच जमीन समजली जाण्याचा धोका येथे असतो. साग उन्हाळ्याआधी पाने गाळतो, म्हणून पानगळीनंतरची छायाचित्रे येथे अधिक उपयोगी पडतात.

स्थलनामे

या भागात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, उर्दू व बंजारा बोली नांदतात. गाव, वाडी, तांडा, पोड, गुडा हे शब्द वस्तीचे नुसते आकारमान सांगत नाहीत, तर ती कोणाची आहे हेही सांगतात: तांडा बंजारा समाजाचा, पोड कोलामांचा. सर्वेक्षक नाव ऐकून रोमन लिपीत लिहीत आणि पुढे तेच नाव पुन्हा देवनागरीत येई. या दुहेरी लिप्यंतरात ळ व ल, ड व द, ट व त यांतील भेद पुसले जातात. पेनगंगा व पैनगंगा अशी एकाच नदीची दोन रूपे रूढ आहेत. वस्ती जागा बदलत असेल तर जुन्या नकाशावरील नाव व प्रत्यक्ष ठिकाण यांत अंतर पडते. तरीही जुन्या पत्रकावरील पोडाचे नाव हे त्या ठिकाणी त्या काळी वस्ती होती याची नोंद असते आणि त्यामुळे त्याला पुराव्याचे मोल येते.

तीन प्रकारचे नकाशे

जमिनीसंबंधी निर्णय घेताना येथे तीन प्रकारचे नकाशे समोर येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा भूरूपे दाखवितो. तो मालकीचा पुरावा नसतो. भूमी अभिलेख विभागाचा गाव नकाशा सर्व्हे किंवा गट क्रमांकांच्या हद्दी दाखवितो. त्यामागे शेताशेतांची मोजणी असते, परंतु त्यात डोंगर-दऱ्यांची उंची नसते. वनखात्याचा नकाशा कक्ष क्रमांक व वनाच्या सीमा दाखवितो. पहिल्याची चौकट त्रिकोणमापनाची, दुसऱ्याची साखळीने केलेल्या मोजणीची आणि तिसऱ्याची अधिसूचनेतील वर्णनाची असल्यामुळे हे नकाशे एकमेकांवर ठेवल्यास सीमारेषा नेहमीच तंतोतंत जुळत नाहीत. सपाट काळ्या रानात हा फरक बांधाएवढा असू शकतो. उताराच्या, झाडीच्या जमिनीत तो एखाद्या कुटुंबाच्या संपूर्ण शेतापर्यंत वाढू शकतो.

वनहक्क अधिनियम, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास प्रत्यक्ष ताब्यातील, कमाल ४ हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रावर हक्क मिळू शकतो. नियमांत पुराव्यांच्या यादीत नकाशे, मोजणीचे अहवाल व उपग्रह प्रतिमा यांचा समावेश आहे. त्याचबरोबर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन आणि जमिनीवरील विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे अशा खुणाही ग्राह्य आहेत. २०१२ च्या सुधारणेनुसार उपग्रह प्रतिमा अन्य पुराव्यांना पूरक मानावयाची असून ती त्यांची जागा घेऊ शकत नाही. किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने ही तरतूद येथे विशेष महत्त्वाची ठरते. झाडांच्या सावलीत असलेले लहान शेत प्रतिमेत दिसले नाही, म्हणजे ते नव्हते असे होत नाही.

बुडीत क्षेत्राची रेषा

धरणाची पूर्ण संचय पातळी ठरली की त्या उंचीची समोच्च रेषा ही बुडीत क्षेत्राची सीमा होते. पैनगंगेवरील नियोजित निम्न पैनगंगा प्रकल्पात नांदेड व यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांतील गावे बाधित होण्याचा प्रश्न असून बाधित गावांतून त्यास विरोध झाला आहे. अशा वेळी २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा पुरेशा नसतात. १:५० उताराच्या जमिनीवर उंचीतील एक मीटरच्या फरकाने पाण्याची कड ५० मीटर पुढे-मागे सरकते. मंद उताराच्या नदीकाठी हा फरक त्याहून बराच अधिक असतो. म्हणून प्रकल्पासाठी मोठ्या प्रमाणावरचे स्वतंत्र सर्वेक्षण करून, तलचिन्हांपासून पातळी आणून, घरे व शेते यांची नेमकी उंची ठरवावी लागते.

अंकीय काळ

१९ मे २००५ रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नकाशांच्या संरक्षण मालिका व मुक्त मालिका अशा दोन मालिका केल्या. मुक्त मालिकेतील नकाशे एव्हरेस्ट विवृत्ताभाऐवजी डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भपद्धतीवर आहेत. याच वर्षी ५ मे रोजी प्रक्षेपित झालेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहामुळे जोडप्रतिमांवरून उंची काढणे सुलभ झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशांकनाची पूर्वपरवानगी घेण्याची अट मोठ्या प्रमाणात शिथिल केली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होते.

जुन्या व नव्या संदर्भपद्धतींत एकाच जागेचे अक्षांश-रेखांश किंचित भिन्न येतात. किनवटच्या परिसरात हा फरक जमिनीवर शंभर मीटरहून अधिक भरतो. मोबाइल फोन किंवा जीपीएस यंत्र डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. त्यावरून घेतलेले निर्देशांक योग्य रूपांतर न करता जुन्या पत्रकावर मांडल्यास कसलेले शेत शेजारच्या वनकक्षात किंवा नाल्यापलीकडे गेल्यासारखे दिसते. त्यामुळे मोजणीच्या कागदावर निर्देशांकांसोबत संदर्भपद्धती, यूटीएम पट्टा, मोजणीची तारीख आणि जमिनीवरील एखादी कायम खूण नोंदविणे आवश्यक मानले जाते.